पाठीचं दुखणं

मंगळवार, ४ मार्च

ही वही मापांची आहे. पुढून खिडक्या, आरसे, शोकेसच्या फळ्या. मी ती मागून उघडली आहे, कारण पर्समध्ये लिहायला दुसरं काही नव्हतं. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या परिचारिकेने सांगितलं, डॉक्टर बोलतील ते वेळेसकट लिहून ठेवा, अशा वेळी डोक्यात काही राहत नाही. तेव्हा लिहिते.

सकाळी साडेसातला दुकान उघडलं. हे टेबलापाशी एका आरशाच्या कडा घासत होते. पावणेआठला हातातलं काम खाली ठेवून स्टुलावर बसले आणि म्हणाले, पाठीत कळ आली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. मी म्हटलं, आली का नेहमीची पाहुणी. तीन वर्षं ह्यांची पाठ दुखते. त्या पाठीपायी मोठी काच उचलणं बंद, शिडी बंद, टेंपोत माल चढवणं बंद. तो मी आणि टेंपोवाले काका चढवतो. मी त्यावरून ह्यांना कधी बोलले नाही. एकदोनदा ‘संस्थानिक’ म्हटलं असेन, तेही गिऱ्हाइकांपुढे, गमतीने.

अंगाला घाम सुटला होता. मी शर्ट वर करून मलम चोळलं, शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली, पडून राहा म्हटलं आणि शाळेच्या तावदानांची मापं घ्यायला गेले. अकरा तावदानं. चौकटी वाकड्या निघाल्या म्हणून दोन परत मोजली. साडेनऊला येऊन बघते तर हे जमिनीवर. ओठ राखेसारखे, डावा हात थंडगार. ‘आत काहीतरी फाटलं’ एवढंच म्हणाले. काकांनी आणि मी उचलून टेंपोत घातलं. जवळच्या दवाखान्यात स्कॅन झालं आणि त्यांनी हात झटकून इकडे पाठवलं.

सर्जन बाई आहे. लहान चणीची, माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिने सांगितलं ते असं: हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. ह्यांचा आतला थर फाटला आहे आणि रक्त थरांच्या मधे घुसून भिंत सोलत पुढे चाललं आहे. छाती उघडायची, अंग गार करायचं, हृदय थांबवायचं, फाटका भाग कापून तिथे कापडी नळी शिवायची. ‘शिवायची’ हाच शब्द तिने वापरला. मी विचारलं, जगतील ना. ती म्हणाली, न केलं तर नाही जगणार, एवढं नक्की सांगते.

मग तिने विचारलं, दुखायला कधी लागलं. मी म्हटलं, पावणेआठ. तिने घड्याळ बघितलं. साडेअकरा वाजले होते.

“इतका वेळ काय केलंत?”

“मलम लावलं होतं,” मी म्हटलं.

तिने संमतीचा कागद पुढे केला. मी सही केली. बाराला आत नेलं. वन्संना, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीला, आणि आमच्या भिंगरीला फोन केला. भिंगरी परगावी नोकरी करते, चार तासांचा रस्ता आहे. ‘बाबांची छाती?’ असं तिने आधीच विचारलं. मी तर अजून पाठ म्हणत होते.

बुधवार, ५ मार्च

काल संध्याकाळी सातला सर्जनबाई बाहेर आल्या. नळी बसली. चोवीस मिनिटं अंगातलं रक्त थांबवून ठेवलं होतं, फक्त मेंदूला चालू होतं. जागे कधी होतील, कसे होतील, ते आत्ता विचारू नका म्हणाल्या.

हे सगळं खरं तर पहिल्या ओळीत यायला हवं होतं आणि त्यानंतर मी देवाचे आभार मानायला हवे होते. पण काल दुपारी जे झालं तेच आधी लिहायचं आहे.

दुपारी तीनला वन्सं आल्या. त्यांच्या मागोमाग एक शिकाऊ डॉक्टर आला आणि विचारू लागला, घरात कुणाला असा त्रास होता का, आधीच्या काही तपासण्या आहेत का. मी म्हटलं, काही नाही, पाठ सोडली तर माणूस ठणठणीत. वन्संनी माझ्याकडे न बघता पिशवीतून एक मोठं पाकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं. मी ते मधेच घेतलं. पाकिटावर ह्यांचं नाव. आत तीन स्कॅन, तीन वर्षांचे, दर वर्षी एक. महाधमनी फुगली आहे, जड उचलू नये, रक्तदाब सांभाळावा, दर वर्षी दाखवावं. खाली ‘जवळची व्यक्ती’ म्हणून एक नंबर होता. वन्संचा.

मी विचारलं, ही पाठ होती का. वन्सं म्हणाल्या, “पाठ नव्हतीच गं कधी.”

तीन वर्षांपूर्वी ह्यांचे काका गेले तेव्हा मला सांगितलं होतं हृदयविकाराचा झटका. तो झटका नव्हता, हेच होतं. सासरे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, तेही बहुधा ह्यानेच. काकांचं कळल्यावर बहीणभाऊ दोघं जाऊन तपासून आले. वन्संचं ठीक निघालं. ह्यांचं नाही.

तीन वर्षं मी रोज संध्याकाळी त्या पाठीला तेल लावलं. न दुखणाऱ्या पाठीला. आणि माणूस उताणा पडून ‘जरा डावीकडे’ असं सांगायचा, ते आठवतं. उताणा नाही, पालथा. शब्द चुकतायत.

गुरुवार, ६ मार्च

अजून झोपवून ठेवलं आहे. तोंडात नळी. काचेतून बघितलं.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा डोक्यात येते. पाठीचं खोटं सांगितलं नसतं तर मंगळवारी मी पाठ समजले नसते. कळ आली म्हटल्याबरोबर उचलून आणलं असतं. त्याने स्वतःच्या मरणाला माझ्या हाताने मलम लावून घेतलं. रागात एकेरीवर आले, असू दे. वही माझी आहे.

त्याला स्वतःला तर माहीत होतं ना त्या सकाळी? मग माझ्यासमोर शर्ट वर करून का दिला?

रविवार, ९ मार्च

काल तोंडातली नळी काढली. हात-पाय हलतात, माणसं ओळखतात. आज मला पाच मिनिटं आत सोडलं. ह्यांचा आवाज गेलेला, फक्त हवा येते. पहिला शब्द, ‘शाळा?’ म्हणजे शाळेची तावदानं बसवली का. मी म्हटलं, बसवतील टेंपोवाले काका. मग माझा हात धरायला बोटं वर केली. मी पांघरूण सारखं केलं.

मरणाच्या दारातून आलेल्या माणसाशी पाच मिनिटांत भांडता येत नाही. बाहेर आल्यावर वन्संनी विचारलं, बोलला का. मी म्हटलं, मला कशाला सांगतील, सविस्तर तुम्हालाच सांगतील. मला वाटतं मी जरा जास्तच शांतपणे वागते आहे ह्या सगळ्यांशी.

मंगळवार, ११ मार्च

सर्जनबाईंनी आज मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, हा दोष रक्तातून येतो, मुलांना तपासून घ्या. भिंगरी चोवीस वर्षांची. कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर बसली होती. मी तिला कसं सांगावं ह्याची मनात दहा वेळा जुळवाजुळव केली, तिचा हात हातात घेतला आणि हळूहळू सांगितलं. ती ऐकत राहिली. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “आई, माझं झालंय तपासून. गेल्या वर्षी. आत्या घेऊन गेली होती.”

महाधमनीची रुंदी अडतीस मिलिमीटर. तिच्या वयाला थोडं जास्त. लक्ष ठेवायचं.

गेल्या वर्षी तिने व्हॉलीबॉल सोडला. मला सांगितलं, ऑफिसातून यायला उशीर होतो. मी तिला फोनवर तासभर फैलावर घेतलं होतं, आळशी झालीस, बापावर गेलीस म्हणून. तेव्हाही ती ऐकत राहिली होती. अशीच.

म्हणजे घरात माणसं तीन, वन्सं धरून चार. चौघांपैकी तिघांना ठाऊक. मी कोण होते? मी काच उचलणारी.

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती चहाचा कप फिरवत बसली. मग म्हणाली, “तुला सांगितलं की आजार आमचा राहत नाही, तुझा होतो. मग आम्हीच तुला सांभाळत बसतो.”

हा काय आरोप झाला? आईने काळजी करायची नाही तर कुणी करायची? मी तिथून उठून आले. चहाही तसाच राहिला.

शुक्रवार, १४ मार्च

आता साध्या वॉर्डात आणलं आहे. छातीवर गळ्यापासून पोटापर्यंत शिवण. खोकला आला की उशी छातीशी आवळून धरायची. शेजारच्या खाटेवरचे आजोबा तपासणीला गेले तेव्हा मी पाकीट ह्यांच्या पांघरुणावर ठेवलं.

ह्यांनी पाकीट ओळखलं. डोळे मिटले. मला वाटलं झोपेचं सोंग, पण नाही.

मी विचारलं, का. एकच शब्द. बाकीचे सगळे शब्द मी आठ दिवस दातांखाली चावून संपवले होते.

ते म्हणाले, “तुझी आई गेली त्या दिवशी तू म्हणाली होतीस, आता पुन्हा कुणाचं दुखणं माझ्या अंगावर नको. मी मेले तरी चालेल, पण दुखणं नको.”

आई सहा वर्षं अंथरुणावर होती. सगळं मी केलं. ती गेली त्या दिवशी मी काय बोलले ते मला आठवतही नाही. माणूस त्या दिवशी काहीही बोलतो. ते काय मनात धरायचं असतं? आणि धरायचं तर तेवढंच का धरलं? मी हजार वेळा ‘काही होत असेल तर सांगा’ म्हटलं, ते हवेत गेलं?

मी म्हटलं, आणि मंगळवारी? कळ आली तेव्हा तरी?

“तेव्हा सांगायला तोंड उघडलं होतं. तू म्हणालीस, आली का पाहुणी. गिऱ्हाईक उभं होतं, ते हसलं. मग नाही सांगवलं.”

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खिडकीची काच हलत होती, कुणीतरी पट्टी नीट ठोकली नव्हती. परिचारिका आली आणि ह्यांचा रक्तदाब वाढला म्हणून मला बाहेर काढलं.

लिहिताना आत्ता वाटलं, त्या सकाळी गिऱ्हाईक होतं हे मला आठवलंच नव्हतं.

गुरुवार, २० मार्च

घरी आणलं. जिना पाच जागी थांबून चढले. तीन महिने काहीही उचलायचं नाही, भरलेला तांब्याही दोन हातांनी. गोळ्या सात. रक्तदाब सकाळ-संध्याकाळ मोजायचा. मी सगळं करते. घड्याळ लावून करते. बोलत मात्र नाही. कामापुरतं बोलते. ‘हात द्या.’ ‘कूस बदला.’ बत्तीस वर्षांच्या संसारात इतकं कमी बोलून इतकं व्यवस्थित काम कधी झालं नव्हतं.

आज पाठ पुसायची वेळ आली तेव्हा टॉवेल त्यांच्या हातात दिला. त्यांचा हात मागे पोचत नाही. थोडा वेळ त्यांनी प्रयत्न केला. मग मी पुसली. पाठ आहे तशीच आहे, तिचं काय चुकलं.

शनिवार, १२ एप्रिल

वन्सं आल्या होत्या. चहा केला. उन्हाळ्यावर बोललो, पाण्याच्या टाकीवर बोललो. निघताना दारात त्या म्हणाल्या, “त्याने शपथ घातली होती गं. तू विचारलं असतंस तर मी खोटं बोलले नसते.”

मी म्हटलं, विचारायला आधी माहीत तर हवं. आंधळ्याला विचारायचं का, तुला काय दिसत नाही म्हणून?

त्यांचे डोळे भरले. सत्तरीची बाई, माझ्या लग्नात तिनेच माझी वेणी घातली होती. मी सोडायला रिक्षापर्यंत गेले नाही. नेहमी जाते.

सोमवार, ९ जून

तीन महिन्यांचं स्कॅन. ह्या वेळी मी आत बसले. सर्जनबाई ह्यांच्याकडे बघून बोलू लागल्या की मी म्हणायचे, माझ्याकडेही बघून बोला. त्यांनी खुर्चीच वळवली.

नळी छान बसली आहे. पण फाट होती ती सगळी गेली नाही. वरचा भाग दुरुस्त झाला, खाली पोटाकडे जाणाऱ्या भागात दोन थर अजून सुटलेले आहेत. ते तसेच राहणार. वाढले नाहीत, हीच चांगली बातमी. जन्मभर लक्ष ठेवायचं, रक्तदाब चढू द्यायचा नाही. हे बाहेर आल्यावर म्हणाले, म्हणजे बरा झालो का नाही. मी म्हटलं, दुरुस्त झालात. बरं होणं वेगळं.

कित्येक दिवसांनी दोघं हसलो. थोडंच.

घरी आले तर भिंगरीचा फोन. तिचंही वर्षाचं स्कॅन ह्याच आठवड्यात होतं. बेचाळीस. एका वर्षात चार मिलिमीटर. तिचा आवाज अगदी सपाट होता, मोजमाप वाचून दाखवावं तसा. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “तुला सांगितलं. तू मागे म्हणालीस ना, मला का नाही सांगितलं, म्हणून आधी तुला सांगितलं. पण बाबांना सांगू नकोस. त्यांचं प्रेशर चढेल. वचन दे.”

मी म्हटलं, बरं.

मंगळवार, १० जून

ह्यांनी सकाळी विचारलं, पोरीचं स्कॅन होतं ना, काय निघालं. मी कणीक मळत होते. म्हटलं, ठीक आहे, कामात आहे ती.

हे दोन पोळ्या जास्त जेवले. दुपारी रक्तदाब मोजला, एकशे अठरा. इतका चांगला कधी आला नव्हता.

खोटं बोलायला काही लागत नाही हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तीन वर्षं खोटं बोलायला माणसाचं काळीज किती निबर असलं पाहिजे. तसं काही नसतं. ते जिभेवर आयतं बसलेलं असतं. समोरचा माणूस पोटभर जेवतो आणि आपल्यालाच पुण्य केल्यासारखं वाटतं. ह्यांनाही रोज संध्याकाळी असंच वाटत असणार, मी पाठीला तेल लावत असताना.

पण मी त्यांच्यासारखी नाही. माझं कारण खरं आहे.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आहे.

बुधवार, ११ जून

सांगितलं. सकाळी गोळ्या घेऊन झाल्यावर, अर्धा तास थांबून, खुर्चीत बसवून. बेचाळीस म्हटलं, चार वाढले म्हटलं. तिने सांगू नको म्हटलं होतं तेही सांगितलं, आणि मी काल खोटं बोलले तेही.

ह्यांनी यंत्र ओढून स्वतःच पट्टा बांधला. एकशे बावन्न. मग म्हणाले, माझ्याकडून गेलं तिला. आणि रडले. छातीशी उशी धरून रडले, कारण रडलं तरी शिवण दुखते. मी शेजारी बसले. ह्यांच्या मांडीवर हात ठेवला, मार्चनंतर पहिल्यांदाच.

अर्ध्या तासात ह्यांना राहवलं नाही, पोरीला फोन लावला. मला तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मग ह्यांनी फोन माझ्याकडे दिला.

“एक गोष्ट सांगितली होती तुला, आई. एकच.”

मी म्हटलं, अगं, तुझ्या बापाने तीन वर्षं लपवलं, त्याचं काय झालं ते तू बघितलंस ना. ती म्हणाली, “हे त्यांचं नव्हतं. माझं होतं.” आणि फोन ठेवला.

शनिवार, १४ जून

फोन घेत नाही. वन्संचा घेते. वन्संनी मला स्वतःहून फोन करून सांगितलं, जेवते-खाते, ऑफिसला जाते. मी म्हटलं, तुम्ही मला सांगितलंत हे तिला कळलं तर? त्या म्हणाल्या, कळू दे.

हे म्हणाले, आपण जाऊ या. मी म्हटलं, चार तास, बसवेल का. ते म्हणाले, गाडी तू चालव, मी नुसता बसतो, मला तेच सांगितलंय डॉक्टरांनी.

रविवार, १५ जून

न कळवता गेलो. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद. प्रत्येक वळणावर ह्यांना पायरीवर बसवलं. दुसऱ्या मजल्यावर एका बाईने विचारलं, पाणी देऊ का, काका बरे दिसत नाहीत. हे म्हणाले, पाठ दुखते जरा. मी बघितलं त्यांच्याकडे. ते म्हणाले, नाही, हृदयाचं ऑपरेशन झालंय. त्या बाईने खुर्चीच आणली.

भिंगरीने दार उघडलं. आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाबांकडे. त्यांना धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि मनगट धरून घड्याळाकडे बघत ठोके मोजू लागली. मी चपला काढून दाराशीच उभी राहिले. मला कुणी बस म्हटलं नाही. मी बसले.

तिने चहा केला. तीन कप. माझा कप टेबलावर ठेवताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझा तुझ्यावर विश्वास राहिलेला नाही.”

मी म्हटलं, “माझाही तुम्हा दोघांवर नाही.”

हे म्हणाले, चला, एवढ्यावर तरी एकमत झालं. आम्ही दोघी हसलो नाही.

चहा निवत गेला. खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तो आवाज येत राहिला. मग मी तिला म्हटलं, मी चुकले असेन, पण लपवणं मी एक दिवस करून बघितलं आणि मला ते दुसऱ्या दिवशी जमलं नाही. तू मला काहीही सांग किंवा सांगू नकोस. पण सांगशील ते अर्धं नको.

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. ती रिपोर्ट घेऊन आली आणि आमच्या मधे बसली. मी म्हटलं, मोठ्याने वाच. ती वाचू लागली. नाव, वय, उंची, वजन, रुंदी, मागची रुंदी. पहिलं पान झालं, दुसरं झालं. शेवटच्या पानावर तिने अर्धी ओळ वाचली, थांबली आणि पुढच्या ओळीवर गेली.

मला कळलं. ह्यांनाही कळलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

तिने कागद खाली ठेवला. ओढणीने डोळे पुसले. मग कागद परत उचलला, मागे गेली आणि ती ओळ पहिल्यापासून वाचली. शस्त्रक्रियेचा शब्द त्या ओळीत होता.